हिवाळी रेतनाआधी दुधाच्या नोंदी काढा, मग वळू ठरवा

दिवाळी सरली की ऊन उतरते, संकरित गायींवरचा उष्णतेचा ताण कमी होतो आणि उन्हाळ्यात मुका राहिलेला माज उघड दिसू लागतो. म्हशींचा तर हा मुख्य हंगामच. नोव्हेंबरच्या मध्याला भरवलेली (रेतन केलेली) गाय साधारण 280 दिवसांनी, म्हणजे ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात विते. म्हैस 310 दिवसांनी, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. हिरवा चारा हाताशी असताना वेत सुरू होते आणि थंडीत दूध वर चढते. म्हणूनच वर्षातली बरीच रेतने पुढच्या तीन महिन्यांत होतात.

या तीन महिन्यांत जी कांडी (गोठवलेल्या रेताची बारीक नळी) गायीत जाईल, ती तीन-साडेतीन वर्षांनी गोठ्यात धार देणाऱ्या कालवडीचा निम्मा वारसा ठरवते. बहुतेक गोठ्यांत मात्र हा निर्णय माज दिसल्यावर फोन करून होतो, आणि तंत्रज्ञाच्या कंटेनरमध्ये त्या दिवशी जी कांडी असेल ती वापरली जाते. हा निर्णय आता, घाई नसताना, वहीतले आकडे समोर ठेवून घ्यावा.

महिन्यातून एक दिवस मोजा, पण नीट मोजा

रोजचे दूध लिहिले तर उत्तमच. ते जमत नसेल तर महिन्यातली एक तारीख धरा आणि त्या दिवशी प्रत्येक गायीचे सकाळ-संध्याकाळचे दूध वेगवेगळे मोजा. आदल्या संध्याकाळी कास पूर्ण रिकामी केलेली असावी, नाहीतर मागचे दूध आजच्या नोंदीत येते. मापाने मोजताना फेस बसू द्या, किंवा सरळ वजन करा. एक लिटर दूध म्हणजे साधारण 1.03 किलो. वासरू पाजत असाल तर त्या दिवशी तेही दूध काढून मोजा आणि मग बाटलीने पाजा. गाय आजारी किंवा माजावर असेल तर तिची मोजणी तीन-चार दिवस पुढे ढकला.

फॅटच्या नमुन्यात सर्वांत जास्त चुका होतात. पहिल्या धारांत फॅट कमी असते, शेवटच्या धारांत सर्वाधिक. नमुना पूर्ण धार झाल्यावर, दूध ढवळून घ्या. सकाळचे 9 आणि संध्याकाळचे 6 लिटर असेल, तर बाटलीतही दोन्ही वेळचे दूध त्याच प्रमाणात घ्या.

वेताचे एकूण दूध या मासिक नोंदींवरून काढता येते. समजा गाय 5 ऑक्टोबरला व्यायली. 20 ऑक्टोबरला 16 लिटर, 20 नोव्हेंबरला 18 आणि 20 डिसेंबरला 17 लिटर भरले. पहिल्या 15 दिवसांचे 15 गुणिले 16, म्हणजे 240. पुढच्या 31 दिवसांना दोन नोंदींची सरासरी 17, म्हणजे 527. त्यापुढच्या 30 दिवसांना सरासरी 17.5, म्हणजे 525. 76 दिवसांत 1292 लिटर झाले. अशीच बेरीज 305 दिवसांपर्यंत (वेताचा प्रमाण कालावधी) न्या.

गायींची तुलना बरोबरीच्या गायींशी

पहिल्या वेताची गाय आपल्या पूर्ण क्षमतेच्या ठोकळमानाने 75 टक्के दूध देते. त्यामुळे 12 लिटर देणारी पहिलारू गाय तिसऱ्या वेताच्या 15 लिटरवालीपेक्षा हलकी ठरत नाही. पुढे ती तिच्या बरोबरीला येण्याची चांगली शक्यता आहे. मार्चमध्ये व्यायलेल्या गायीची सप्टेंबरात व्यायलेलीशी तुलनाही अन्यायाची, कारण एकीचे चढते दूध उन्हाळ्यात सापडले. त्याच वेताच्या, त्याच हंगामात व्यायलेल्या गायींची सरासरी काढा आणि प्रत्येक गाय त्या सरासरीच्या किती वर किंवा खाली आहे ते लिहा. चार-पाच गायींच्या गोठ्यात अशी सरासरी फसवी निघते. तिथे दूध संस्थेतल्या दहा-बारा सभासदांनी एकाच तारखेला मोजणी करून आकडे एकत्र करावेत.

नुसत्या लिटरवरही थांबू नका. 3.2 फॅटचे 16 लिटर म्हणजे दिवसाला सुमारे 527 ग्रॅम फॅट, 4.0 फॅटचे 14 लिटर म्हणजे सुमारे 577 ग्रॅम. आपल्याकडे गायीच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरतो आणि त्याखाली कपात लागते. त्यामुळे दुसरी गाय बरेचदा हातात जास्त पैसे देते.

आता एक हिशेब, ज्यावरून वळू इतका महत्त्वाचा का ते कळेल. एखादी गाय बरोबरीच्या गायींपेक्षा वेताला 800 लिटर जास्त देते. यातले सगळे तिच्या रक्तातले नसते. खुराक, गव्हाणीतली जागा, वासरूपणचे संगोपन यांचाही त्यात वाटा असतो. दुधाच्या फरकातला साधारण पाव भाग आनुवंशिक धरतात. म्हणजे तिचे पैदाशमूल्य (सरासरीवरच्या दुधातला रक्तातला भाग) सुमारे 200 लिटर, आणि लेकीला त्याचे निम्मे, 100 लिटर. याउलट ज्या वळूचे पैदाशमूल्य शेकडो मुलींच्या नोंदींवरून अधिक 800 निघाले आहे, तो लेकीला सरासरी 400 देतो. वर त्याच्या कांड्या गावातल्या प्रत्येक गोठ्यात पोचतात.

वळूच्या आकड्यांत काय पाहायचे

जाहिरातीत ठळक छापलेले असते ते वळूच्या आईचे दूध. ती एका गायीची, तिच्या गोठ्यातली, तिच्या खुराकावरची कामगिरी. वळू तिचे निम्मेच जनुक घेतो, आणि कोणते निम्मे हे तिच्या दुधावरून कळत नाही. म्हणून वळूच्या यादीत दोन आकडे मागा: पैदाशमूल्य आणि त्याची विश्वसनीयता. केवळ आई-वडिलांवरून काढलेल्या अंदाजाची विश्वसनीयता कमी, जनुकीय चाचणी झालेल्या तरुण वळूची त्याहून बरी, आणि पुष्कळ मुलींच्या दुधावरून सिद्ध झालेल्या वळूची सर्वांत जास्त. तरुण जनुकीय वळू टाळायचे कारण नाही. पण त्यातल्या एकावरच सगळा गोठा लावू नका. दहा गायींना तीन वेगवेगळे वळू वापरा. एखाद्याचा अंदाज चुकला तरी बाकीचे सावरून घेतात.

पैदाशमूल्य हा वळूचा पूर्ण आकडा असतो, मुलीला त्याचे निम्मे मिळते. अमेरिकन यादीतला 'पीटीए' (लेकीकडे जाणाऱ्या वाट्याचा अंदाज) मात्र आधीच निम्मा केलेला असतो. दोन्ही शेजारी ठेवून थेट तुलना केली तर गल्लत होते, शिवाय दोन्हीकडचा पायाही, म्हणजे तुलनेची सरासरीही, वेगळी असते. जातीजातींमधली तुलनाही अशीच निरर्थक. गीरचा अधिक 300 आणि एचएफचा (होल्स्टीन फ्रिजियनचा) अधिक 300 एका तराजूत बसत नाहीत.

दुधाच्या आकड्यावर भुलून फॅटच्या आकड्याकडे दुर्लक्ष होते. एचएफमध्ये दूध वाढवणारे कित्येक वळू फॅटच्या टक्क्याला उणे असतात. तुमच्या गायी आधीच 3.3-3.4 वर असतील तर असा वळू नकोच. पहिलारू कालवडीसाठी सुलभ प्रसूतीचा वळू पाहा.

एक अपेक्षा मात्र वळूकडून ठेवू नये: गायी उलटण्याचा (रेतन करूनही गाभण न राहण्याचा) प्रश्न तो सोडवणार नाही. गाभण राहण्याची आनुवंशिकता फार कमी असते. तिथे व्याल्यानंतरचे वजन घटणे, गर्भाशयाचा दाह, खनिज मिश्रण आणि माज ओळखण्याची वेळ हेच दोषी निघतात.

रक्ताचे प्रमाण आणि नाते

वासराचे विदेशी रक्त म्हणजे आई-बापाची सरासरी. 50 टक्के एचएफ गायीला शुद्ध एचएफ वापरले तर 75, त्या कालवडीला पुन्हा शुद्ध एचएफ तर 87.5. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात इतके रक्त पंख्या-फॉगरशिवाय टिकत नाही. दूध घटते, गाय उलटते, गोचीड तापाला लवकर बळी पडते. 75 वर पोचलेल्या गायीला सिद्ध संकरित वळूची कांडी वापरा. 50 टक्क्यांचा वळू असेल तर वासरू 62.5 वर येते. खिलार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ यांच्या शुद्ध गायींना त्याच जातीचा वळू वापरावा. संकर करायचा तो गावठी गायींचा.

नात्यात रेतन होणे ही न दिसणारी गळती आहे. बाप-लेकीच्या संकरात वासराचा अंतःप्रजनन गुणांक 25 टक्के, सावत्र भावंडांत 12.5. त्यातून दूध घटते, वासरे अशक्त निपजतात, दबलेले आनुवंशिक दोष वर येतात. 6.25 टक्क्यांच्या वर जाऊ नये. म्हणजे गायीचा बाप आणि आईचा बाप, या दोघांचे क्रमांक माहीत हवेत. ते माहीत नसतात, कारण रिकामी कांडी उकिरड्यावर जाते.

म्हणून ही सवय लावाच: रेतन झाल्यावर कांडी पुसून वहीत त्या गायीच्या पानावर चिकटपट्टीने लावा. त्या बारीक नळीवर वळूचा क्रमांक, जात, रेतन केंद्राची खूण आणि बॅच किंवा तारीख छापलेली असते. शेजारी गायीचा 12 अंकी बिल्ला क्रमांक आणि वेळ लिहा. तंत्रज्ञाने 'भारत पशुधन' या सरकारी नोंदणी प्रणालीवर नोंद करताना हाच क्रमांक टाकला का, हे तिथेच विचारा. बिल्ला गळून पडला तर नवीन मारताना जुन्या क्रमांकाशी जोडायला सांगा, नाहीतर तीन वेतांचा इतिहास तुटतो.

कोणत्या गायीला कोणती कांडी

वहीवरून वरचा अर्धा गट वेगळा काढा. या गायींना, विशेषतः पहिल्या-दुसऱ्या वेताच्या निरोगी गायींना आणि वाढ झालेल्या कालवडींना लिंगनिश्चित रेत वापरा. त्यात कालवडीची शक्यता सुमारे 90 टक्के असते. पण या कांडीत शुक्राणू साध्या कांडीपेक्षा बरेच कमी असतात, म्हणून माज स्पष्ट हवा, सोट (माजातला चिकट स्राव) पारदर्शक हवा. उलटणाऱ्या गायीला ती वापरली तर पैसे वाया जातात. खालच्या गटाला साधी कांडी पुरे. त्यांच्या कालवडी ठेवायच्या नाहीत.

कालवडीचे वय नव्हे, वजन पाहून भरवा. एचएफ संकरितला 250 ते 275 किलो हवे. छातीचा घेर इंचात मोजून त्याचा वर्ग करा, अंगाच्या लांबीने (खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंत, इंचात) गुणा आणि 660 ने भागा. घेर 62, लांबी 46 असेल तर सुमारे 268 किलो.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन. कांडी 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद, थर्मामीटर लावून. तळहातावर चोळून किंवा खिशात ठेवून वितळवलेली कांडी स्वीकारू नका.

जनुकीय चिपबद्दल

5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशिम इथे पंतप्रधानांच्या हस्ते देशी गायींसाठीच्या 'गौ चिप'चे आणि म्हशींसाठीच्या 'महिष चिप'चे लोकार्पण झाले. कालवड लहान असतानाच तिच्या डीएनएवरून पैदाशमूल्याचा अंदाज बांधणे, हे या तंत्राचे काम. पण चिप दूध मोजत नाही. ज्या गायींचे दूध मोजले गेले आहे त्यांच्या डीएनएशी तुलना करूनच तिचा आकडा निघतो. देवणी किंवा पंढरपुरीसारख्या जातींत मोजलेल्या जनावरांची संख्या जेवढी वाढेल, तेवढा तो भरवशाचा होईल. तुमच्या गावात दूधनोंदणीचा प्रकल्प आला तर आपली जनावरे आवर्जून नोंदवा, आणि कमी दुधाच्या गायी लपवू नका. फक्त चांगल्या मुली नोंदवल्या की सुमार वळूही उत्तम दिसू लागतो.

ऑगस्टपर्यंतचे काम

रेतनानंतर 18 ते 24 दिवसांत माजावर लक्ष ठेवा, 60 ते 90 दिवसांत गर्भतपासणी करून घ्या, विण्याआधी 60 दिवस गाय आटवा (धार बंद करा). विताना तारीख लिहून रेतनापासूनचे दिवस मोजा. 270 ते 290 मध्ये आले तर कांडीवरचा वळूच बाप समजायला हरकत नाही. 1 फेब्रुवारीची नोंद असून गाय 29 नोव्हेंबरला व्यायली, तर 301 दिवस होतात. म्हणजे ते रेतन उलटले होते आणि 21 दिवसांनी आलेल्या माजाला दुसरी कांडी किंवा गावचा वळू लागला. अशा वासराच्या नोंदीत बापाचा रकाना कोरा सोडा.