करडईची पेरणी लांबवू नका

मूग-उडीद निघून रान मोकळे झाले असेल आणि जमीन मध्यम ते भारी असेल, तर यंदा थोड्या क्षेत्रावर तरी करडई घ्या. तिचे सोटमूळ मीटरभर खोल जाते, म्हणून वरची ओल आटली तरी पीक तग धरते. सोलापूर-मराठवाड्याच्या कोरडवाहू रानाला इतके मानवणारे तेलबियांचे पीक मागे पडत चालले आहे, याचे वाईट वाटते.

कोरडवाहू पेरणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, फार तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वाफशावर, म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल असताना, उरका. फार लवकर पेरले तर दमट हवेत पानांवर ठिपके पडतात. उशीर झाला तर थंडीत मावा (रस शोषणारे बारीक किडे) चढतो तेव्हा पीक अजून कोवळेच असते, आणि मग फवारण्यांचा खर्च वाढत जातो.

एकरी 4 किलो बियाणे पुरते. दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर ठेवा. एकरी 20 किलो नत्र व 10 किलो स्फुरद पेरतानाच द्या. परभणी कुसुम, फुले कुसुमा, भीमा हे वाण ओळखीचे आहेत. काट्यांमुळे काढणीला मजूर मिळत नसतील तर फलटणचा बिनकाटेरी नारी-6 पाहा.

उगवणीनंतर 10 ते 15 दिवसांनी विरळणी कराच, दोन रोपांत 20 सेंटिमीटर राहू द्या. चांगली उगवलेली रोपे उपटायला हात धजत नाही, पण दाटीत फांद्या फुटत नाहीत आणि बोंडे कमी लागतात. उपटलेल्या रोपांची भाजी उत्तम होते. मात्र बियाण्याला रासायनिक बुरशीनाशक लावले असेल तर ती घरी खाऊ नका, विकूही नका. भाजी हवी असेल तर बीजप्रक्रिया ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची करा.

मावा आधी बांधाकडच्या ओळींत दिसतो. कोवळे शेंडे आणि पानांची खालची बाजू बघा: काळे किडे, हाताला चिकटणारा द्राव. तेवढ्या कडेच्या पट्ट्यावर लगेच 5 टक्के निंबोळी अर्क फवारला तर तो आत सरकण्याआधी आवरता येतो.

एखादे पाणी हाताशी असेल तर जमिनीला भेगा पडण्याआधी हलके द्या. भेगाळलेल्या रानात पाणी सोडले की मर, म्हणजे झाडे वाळवणारा रोग, वाढते. गेल्या वर्षी मर लागलेल्या रानात तर यंदा हरभरा किंवा ज्वारीच बरी.