विहिरीच्या पाण्याला जोर येत नसेल तर

लॉनवरचा स्प्रिंकलर नुसताच ठिबकत असेल तर लगेच मोठा पंप आणू नका. आधी फूट व्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपाच्या टोकाची जाळीवाली झडप) वर काढून बघा. पालापाचोळा आणि शेवाळ त्याच्या जाळीत हमखास अडकतं. धार तुटक येत असेल, पाण्यात बुडबुडे दिसत असतील, तर सक्शनच्या (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या) सांध्यातून हवा शिरतेय.

मग पातळी मोजा. काठावरचा पंप कितीही हॉर्सपॉवरचा असो, 7-8 मीटरपेक्षा खालचं पाणी तो नीट ओढत नाही. एप्रिल-मेमध्ये जांभ्या दगडातली विहीर तळाला जाते, तेव्हा सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायचा पंपच बरा.

खरी गोम बहुतेक वेळा पाइपात असते. अर्ध्या इंची पाइप लांबवर नेला की दाब घर्षणातच जिरतो. मुख्य लाइन एक इंची टाका. टाकीच्या भरवशावर राहू नका: 10 मीटर उंचीला जेमतेम 1 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळतो आणि स्प्रिंकलरला सहसा 2 किलो तरी लागतो. स्प्रिंकलर थेट पंपावर जोडा, लॉनचे दोन भाग करून आलटून पालटून भिजवा. मध्ये विहीर पुन्हा भरायला झऱ्याला वेळ द्या. किनाऱ्यालगतची विहीर फार उपसली तर खारं पाणी आत येतं.