पायथन प्रॅक्टिकलच्या आधी सेट आणि टाईप पक्के करून घ्या

नाशिकमधे बीएससी कॉम्प्युटर, बीसीएची पहिल्या वर्षाची पोरं लॉजिक बरोबर असूनही टाईपपाशी, म्हणजे व्हॅल्यू आकडा आहे की मजकूर यापाशी, अडकतात, म्हणून आदल्या दिवशी नोट्स परत चाळण्यापेक्षा लॅपटॉप उघडा आणि एवढं हाताने करून बघा.

आधी इनपुट. त्यातून येतं ते कायम स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, आकडा टाकला तरी. लासलगावच्या कांद्याचे दोन भाव घ्या, समजा ९०० आणि २१००, इनपुटनेच घ्या आणि मॅक्स काढा, उत्तर ९०० येईल, कारण स्ट्रिंगची तुलना पहिल्या अक्षरापासून होते आणि ९ पुढे २ लहान. एरर येत नाही म्हणून हे लक्षातच येत नाही, आणि प्रिंट केलं तर स्ट्रिंग काय नि इंटिजर (पूर्णांक) काय, दिसायला सेम, त्यामुळे शंका आली की लगेच टाईप लावून बघा. भाव इंट, म्हणजे इंटिजर, करून घ्या, पण सगळंच इंट करत सुटू नका, नाशिकचा एसटीडी कोड ०२५३ इंट केला की २५३ उरतो. ज्याचा हिशोब करायचा नाही ते स्ट्रिंगच राहू द्या.

मग सेट, म्हणजे एक व्हॅल्यू एकदाच ठेवणारा संच. नुसते रिकामे महिरपी कंस लिहिले तर डिक्शनरी (की आणि व्हॅल्यूच्या जोड्या) बनते, रिकाम्या सेटसाठी सेट लिहून पुढे साधे कंस. एक गाव टाकायला ॲड वापरा, अपडेटला नुसतं नाशिक दिलं तर न, काना, श, वेलांटी, क असे पाच तुकडे आत जातात, हे खरंच रन करून बघा, मग विसरणार नाही. ॲड केलेलं परत त्याच व्हेरिएबलला असाइन केलं तर हातात नन (None, म्हणजे काहीच नाही) येतो, सेट गेला. लिस्ट बदलता येते, म्हणून ती आत टाकली की अनहॅशेबलची एरर, आकड्यांचा टपल, म्हणजे न बदलणारी यादी, चालतो. चौकोनी कंसात शून्य घालून पहिली व्हॅल्यू मागता येत नाही, क्रमाने हवं तर सॉर्टेड फंक्शन. नसलेली व्हॅल्यू काढताना रिमूव्ह की-एरर देतो, डिसकार्ड गप्प राहतो. आणि व्हेरिएबलचं नाव सेट ठेवू नका प्लीज, पुढे सेट फंक्शनच चालत नाही.

दोन्ही एकत्र आले की जास्त गोंधळ होतो. १, १.० आणि ट्रू सेटमधे एकच धरले जातात, पण पंचवटीचा पिनकोड एकदा आकडा आणि एकदा स्ट्रिंग म्हणून आला तर दोनदा राहतो. मागे स्पेस राहिलेलं सिन्नर वेगळं गाव ठरतं, म्हणून स्ट्रिप लावून कडेच्या स्पेस काढा. मराठी कीबोर्डवरचं ४५ इंटला बरोबर समजतं, पण स्ट्रिंग म्हणून ते इंग्रजी आकड्यांतल्या ४५ शी जुळत नाही, तेव्हा आधी इंट करा, मगच सेटमधे टाका.