भाड्याच्या गाडीवर नो-पार्किंगचं चलन: या चुका टाळा

दिवाळीत मुंबईहून कोल्हापूरला आलेल्या मावसभावानं तीन दिवसांसाठी स्वतः चालवायची गाडी भाड्यानं घेतली. अंबाबाई झाली, ज्योतिबा झाला, नृसिंहवाडी झाली. गाडी परत करून भाऊ महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेलासुद्धा. दोन-अडीच आठवड्यांनी त्याचा फोन आला. "डिपॉझिटमधले दोन हजार कापलेत रे. नो-पार्किंगची दोन चलनं म्हणे. आपण कुठं लावली होती?"

मी म्हटलं, "भावा, भाऊसिंगजी रोडची आपलीच हाय. तू दिवाळीची मिठाई घ्यायला उतरला होतास. दुसरी कुठली?"

दुसरी महाद्वार रोडची निघाली. तारीख आम्ही गाडी घेतली त्याच दिवसाची, पण वेळ सकाळी पावणेबाराची. गाडी आमच्या हातात आली होती दुपारी दोनला. म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकाचं पाप आमच्या खात्यावर. त्या एका वेळेवरून पुढं महिनाभर मेल-फोन चालले, त्यातून जे कळलं ते लिहितोय.

चलन आपल्या नावावर येईल असं समजणं

स्वतःच्या गाडीवर चलन झालं की मोबाइलवर मेसेज येतो. भाड्याच्या गाडीत तो मेसेज जातो मालकाच्या, म्हणजे कंपनीच्या नंबरवर. ई-चलन गाडीच्या नंबरावर निघतं. त्या वेळी चाकावर कोण बसलं होतं हे यंत्राला कळत नाही. पोलिसांनी विचारलं तर गाडी कोण चालवत होतं हे सांगणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नुसार मालकाला बंधनकारक आहे. त्यामुळं कंपनी करार उघडते, त्या तारखेला कुणाचं नाव आहे ते बघते आणि डिपॉझिटला हात घालते. बरेचदा फक्त तारीखच बघते. वेळ बघायचं काम तुमचं.

दंडाचा आकडाही माहीत असू द्या. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून साध्या नो-पार्किंगला पहिल्यांदा ५०० रुपये आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपये आहेत. आता भाड्याच्या गाडीत "पुन्हा" म्हणजे कुणी पुन्हा? तुम्ही पहिल्यांदाच गाडी घेतली असेल आणि चलनावर १,५०० दिसत असतील, तर आधीच्या गिऱ्हाइकांची चूक तुमच्या पहिल्या चुकीला जोडली गेली आहे का, हे कंपनीला विचाराच. आमच्याकडं दोन्ही चलनं पाचशेचीच होती. उरलेले हजार "हाताळणी खर्च", चलनामागं पाचशे. करारात बारीक अक्षरात लिहिलं होतं. सही करताना भाऊ सनरूफ बघत होता.

गाडी घेताना फक्त ओरखड्यांचे फोटो काढणं

बंपर, दरवाजे, टायर यांचे फोटो सगळे काढतात. त्याच वेळी आणखी तीन गोष्टी करा.

एक, आरसी बुकाचा फोटो. मूळ प्रत गाडीत नसेल तर कंपनीकडून मागून घ्या. राज्याच्या ई-चलन साइटवर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर चलन शोधायला गाडीच्या नंबराबरोबर चासी किंवा इंजिन नंबराचे शेवटचे चार आकडे लागतात. ते आरसीवर असतात. गाडी परत केल्यावर मागायला गेलात की "सर, ते डिपार्टमेंट वेगळं आहे" सुरू होतं.

दोन, किल्ली हातात घेण्याआधी तिथंच उभं राहून त्या गाडीवरची थकीत चलनं बघा आणि स्क्रीनशॉट ठेवा. दोन मिनिटांचं काम. आधीचं काही दिसलं तर तो स्क्रीनशॉट कंपनीच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, म्हणजे वेळेची नोंद आपोआप होते. एक लक्षात ठेवा: सकाळचं चलन दुपारपर्यंत साइटवर चढलेलं असेलच असं नाही. म्हणून तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची.

ती म्हणजे ताबा घेतल्याची आणि दिल्याची वेळ. डॅशबोर्डचा फोटो काढा, किलोमीटर आणि घड्याळ दोन्ही दिसतील असा. गाडी परत करतानाही तसाच, आणि "गाडी मिळाली" एवढा एक मेसेज समोरच्याकडून घ्या. रात्री उशिरा गाडी बिल्डिंगखाली लावून किल्ली वॉचमनकडं देणारे तर हमखास अडकतात. वॉचमननं सकाळपर्यंत ती गेटसमोर ठेवली, तर ते तास कुणाचे?

"पाच मिनिटांत येतोय की"

कोल्हापुरात जास्तीत जास्त पावत्या या एका वाक्यानं फाडल्या असतील. महाद्वार रोड, ताराबाई रोड, गुजरी, पापाची तिकटी हा सगळा भाग चारचाकीसाठी नाहीच असं समजून चाला. बिंदू चौकाकडं गाडी लावून देवळापर्यंत चालत जा, पायाला काही होत नाही. नवरात्रात आणि सुट्ट्यांच्या गर्दीत पार्किंगच्या जागा आणि एकेरी मार्ग बदलतात. ते पेपरात येतं, मोबाइलच्या नकाशात येतंच असं नाही.

राजारामपुरी, लक्ष्मीपुरी, स्टेशन रोड इथं वेगळी गंमत. पुढं चार गाड्या लागल्यात म्हणून आपणही पाचवी लावतो, आणि चलन पाचही गाड्यांवर होतं. "सगळ्यांनी लावलीय" हा बचाव नाही. सम-विषम तारखेची पाटी असेल तिथं रात्री बाराला बाजू बदलते. रात्री बरोबर लावलेली गाडी सकाळी चुकीच्या बाजूला असते. लॉजवर उतरलेल्यांनी हे बघूनच झोपावं. चारही इंडिकेटर लावून ठेवणं म्हणजे परवानगी नव्हे. फूटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, बसथांबा, दवाखान्याचं फाटक, दुसऱ्याचं गेट, इथं पाटी नसली तरी लावायची नाही.

आणि पार्किंगची पावती जपून ठेवा. ती दंड माफ करत नाही, पण तुमची गाडी त्या वेळी दुसऱ्या ठिकाणी होती हे सांगते.

क्रेननं उचलली की घाबरून जाणं

जेवून बाहेर आलो आणि गाडी जागेवर नाही, तर लगेच चोरी धरू नका. रस्त्यावर खडूनं काही लिहिलंय का बघा, शेजारच्या पानपट्टीवाल्याला विचारा. त्याला सगळं माहीत असतं. मग जवळच्या वाहतूक पोलिसाला गाठा. सोडवताना परवाना, आरसी आणि भाडेकरार दाखवावा लागतो, कारण आरसीवर नाव तुमचं नाही. उचलण्याचा आकार दंडापेक्षा वेगळा असतो. दोन्हींची पावती घ्या आणि तिथूनच कंपनीला कळवा. नाहीतर तुम्ही भरलेलाच दंड ती महिनाभरानं पुन्हा कापेल.

आलेल्या लिंकवर पैसे भरणं

"तुमच्या गाडीचं चलन" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके (अ‍ॅप बसवणारी) फाइल आली तर उघडू नका, ती फसवणूक आहे. भाड्याची गाडी तुमच्या नावावरच नाही, मग तुम्हाला मेसेज आला कसा, एवढा विचार पुरेसा आहे. सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" असतं.

पांढऱ्या पाटीची गाडी "ओळखीत" घेणं

परवाना असलेल्या सेल्फ-ड्राइव्ह गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं देणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा अडतो. चलनाच्या बाबतीत अडचण अशी की करारच नसतो. कुणी कधी गाडी नेली हे तोंडी, आणि मित्राच्या मित्राशी पाचशे रुपयांवरून कोण भांडणार?

कोगनोळीच्या पुढची चलनं विसरणं

कोगनोळी टोलनाका आला की कर्नाटक. बेळगावात किंवा गोव्यात झालेलं चलन महाराष्ट्राच्या साइटवर दिसणार नाही. ते केंद्राच्या परिवहन पोर्टलवर किंवा त्या राज्याच्या साइटवर शोधा. गोव्याला जाऊन आलेल्यांनी गाडी परत केल्यावर दोन-तीनदा बघावं.

पैसे कापले म्हणून नुसतं चिडणं

शहरातला टोल आंदोलन करून घालवलेलं आपलं गाव. "भरणारच न्हाई" हे तोंडात पहिलं येतं. पण इथं पैसे आधीच कापलेले असतात. कंपनीकडं चलन क्रमांक आणि चलनाचा फोटो मागा. "सिस्टिममध्ये दिसतंय" हे उत्तर चालवून घेऊ नका. फोटोत नंबरप्लेट वाचा. रात्रीच्या फोटोत ३ आणि ८ यांची गल्लत होऊ शकते. गाडीचा रंग आणि मॉडेल बघा, जागा ओळखा, वेळ कराराशी जुळवा. कॅमेऱ्यानं झालेल्या चलनाची सूचना मालकाला १५ दिवसांत जायला हवी असं केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ सांगतो. त्यामुळं महिन्या-दोन महिन्यांनी उगवलेल्या चलनाची सूचना कंपनीला कधी मिळाली, हेही विचारा.

पुराव्यात फास्टॅगचा उपयोग फार होतो. आमची गाडी त्या दिवशी दुपारी चारला किणी टोलनाक्यावर होती, हे कंपनीनंच टोलचे पैसे लावताना लिहून दिलेलं. तुमच्या चलनाची वेळ अशा नोंदीशी जुळत नसेल तर निम्मं काम झालं. यूपीआयनं भरलेल्या मिसळीच्या बिलाची वेळसुद्धा चालते.

चलनच चुकीचं असेल तर महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार करता येते. चलन बरोबर पण माणूस चुकीचा असेल, तर भांडण पोलिसांशी नाही, कंपनीशी आहे. हा फरक न कळल्यामुळं आम्ही आठवडा घालवला. चूक आपलीच असेल तर दिसल्या दिवशी स्वतः ऑनलाइन भरा आणि पावती कंपनीला पाठवा, म्हणजे हाताळणी खर्च मागायला तिला तोंड राहत नाही. लोकअदालतीत कमी होईल म्हणून थांबायची चैन स्वतःच्या गाडीला परवडते. इथं कंपनी तोवर थांबत नाही.

आमच्या प्रकरणात डॅशबोर्डचा फोटो कामाला आला. भावानं तो काढला होता पेट्रोल किती आहे ते दाखवायला, पण कोपऱ्यात २:०६ दिसत होतं. महाद्वार रोडचे पाचशे परत आले. त्यावरचा हाताळणी खर्च मात्र अजून आलेला नाही. चौथा मेल काल गेला.