छपाईच्या डिझायनरला रीलचं काम कसं शिकवावं

लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, दिवाळी अंकातल्या जाहिराती करणाऱ्या फ्रीलान्स डिझायनरकडे आता गिऱ्हाईक त्याच कामाची रीलही मागतं. अशांना शिकवताना नवं सॉफ्टवेअर दाखवण्याचा मोह होतो, तो टाळा. बटणं ही मंडळी घरी बसून शिकतात. माध्यम बदललं की मजकूर कुठे मोडतो आणि तो कसा सावरायचा, हे शिकवायला हवं.

तयारी

पाच-सहा जण पुरेत. दिवसभराचं शिबिर ठेवू नका. काम बुडतं म्हणून लोक येत नाहीत. आठवड्यातून दोन तास, अशा तीन बैठका घ्या. प्रत्येकाने स्वतःचं छापून झालेलं एक काम आणायचं आणि शेवटपर्यंत त्यावरच राबायचं. सरावासाठी रचलेल्या कामात आयत्या वेळी घुसडलेलं सहावं प्रेषकाचं नाव नसतं, आणि खरी कसोटी तिथेच असते.

पहिली बैठक: मजकूर

श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो मजकूर मोबाइलवर चिकटवला की नुसता कचरा दिसतो. कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या लिपीच्या संकेतांत, करून घ्या आणि मग छापील प्रतीशी शब्दन् शब्द ताडून पाहा. सर्वांत जास्त घोटाळा ‘ऱ्य’चा होतो: ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेलं आमंत्रण ‘आचार्यांना’ जातं. टाइप करताना साध्या ‘र’ऐवजी नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ‘ऱ’, मग हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग ‘य’ असा क्रम घ्यायचा.

फोटोशॉपमध्ये पहिली वेलांटी अक्षरानंतर पडली किंवा जोडाक्षरं सुटी झाली, तर फॉन्टला दोष देऊ नका. फोटोशॉपची आवृत्ती जुनी असेल, तर प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’मध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. इनडिझाइनमध्ये हीच सोय परिच्छेदाच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ नावाने आहे. फॉन्ट म्हणून ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘बालू’ (Baloo) घ्या. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, त्यामुळे गिऱ्हाइकाला फाइल देताना अडत नाही.

दुसरी बैठक: मांडणी

रीलचं पान १०८० × १९२० पिक्सेलचं. वरचे साधारण २५० पिक्सेल आणि खालचा त्याहून बराच मोठा भाग अ‍ॅपच्या बटणांखाली आणि मजकुराखाली जातो. तिथे तारीख किंवा फोन नंबर नको. छापील जाहिरात आक्रसून इथे बसवणं ही हमखास होणारी चूक. त्याऐवजी मजकुराचे तुकडे पाडायला लावा: एका पडद्यावर एकच गोष्ट. तुकडा किती वेळ ठेवायचा? सावकाश मोठ्याने दोनदा वाचून होईल इतका.

मग उलटा सराव द्या: रीलमधलं चित्र छपाईला पाठवा. १०८० पिक्सेल ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम ९ सेंटिमीटर भरतात, आणि आरजीबीतला (पडद्याच्या रंगांतला) झगझगीत हिरवा-निळा सीएमवायकेत (छपाईच्या शाईत) मळकट होतो. हे तोंडी सांगून पटत नाही, एक प्रिंट काढून हातात द्या. ज्या कामाला दोन्हीकडे जायचंय ते आधी छपाईच्या मापात, ३ मिलिमीटर ब्लीडसह (कापताना जाणाऱ्या जादा कडेसह) करावं, हे मग आपोआप कळतं.

तिसरी बैठक: दर

बहुतेकांचं नुकसान इथेच होतं, कारण रील ‘त्यातच करून द्या’ म्हणून फुकट जाते. प्रत्येकाला आपल्याच कामाचं कोटेशन ओळीवार लिहायला लावा: मूळ डिझाइन, प्रत्येक वाढीव आकार, हालचाल (अ‍ॅनिमेशन), दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, तिसरीपासून वेगळा दर, आणि उघडी (बदल करता येणारी) फाइल हवी असल्यास तिची किंमत.

हक्कांची ओळही त्यातच हवी. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं धरलं जातं. ‘फक्त छपाईसाठी’ एवढे दोन शब्द कोटेशनात असले, तर रीलचे पैसे वेगळे मागायला जागा राहते.