न्हाणीघरात केवळ एमसीबीवर विसंबू नका

घरात एमसीबी (जादा प्रवाह वाहू लागताच आपोआप बंद होणारा स्विच) आहे, म्हणजे न्हाणीघरातील गीझर आणि प्लग सुरक्षित आहेत, असा अनेकांचा समज असतो. परंतु एमसीबी वायरिंगला जादा भारापासून आणि शॉर्टसर्किटपासून वाचवतो, ओल्या अंगातून जमिनीकडे जाणारा काही डझन मिलिअँपिअरचा जीवघेणा प्रवाह त्याला जाणवतही नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखणारा स्विच, हवा. फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) पूर्ण परतला नाही, की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. गीझर चालू करताच आरसीसीबी वारंवार पडत असेल, तर त्याला वगळून थेट जोडणी करून घेणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण बहुधा गीझरच्या कॉइलमधूनच वीज पाण्यात उतरत असते.

अर्थिंगही तितकेच आवश्यक आहे. जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण त्यामागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, असेही आढळते. तेव्हा परवानाधारक वायरमनकडून ती तपासून घ्यावी. २००० वॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो, त्यामुळे तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर कधीही लावू नये. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट द्यावा आणि त्याचे बटण शक्यतो न्हाणीघराबाहेर ठेवावे. बादलीत हीटर रॉड लावला असेल, तर प्लग काढल्याशिवाय पाण्याला बोटही लावू नये. आरसीसीबीवरील ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबावे. पुरवठा खंडित झाला नाही, तर आरसीसीबी लगेच बदलून घ्यावा.