खासगी पार्किंगच्या थकीत रकमेवरून काउंटी कोर्टाचा निकाल लागला असेल तर काय करावे

इंग्लंड किंवा वेल्समध्ये राहणाऱ्या माणसाला आपल्याविरुद्ध काउंटी कोर्टाचा निकाल, म्हणजे तेथील बोलीतला 'सीसीजे', लागला आहे हे पुष्कळदा कोर्टाच्या पत्रातून कळतच नाही. ते कळते घरकर्जाचा अर्ज फेटाळला गेल्यावर किंवा भाड्याच्या घरासाठी पत तपासली गेल्यावर. शोध घेतला की मुळाशी सुपरमार्केटच्या नाहीतर रुग्णालयाच्या आवारातल्या पार्किंगची एखादी जुनी नोटीस निघते, आणि त्यानंतरची सगळी पत्रे जुन्या पत्त्यावर पडून राहिलेली असतात. अशा वेळी धसक्याने त्याच दिवशी पैसे भरून टाकणे जितके नुकसानीचे, तितकेच 'मला काही मिळालेच नाही' म्हणून स्वस्थ बसणेही नुकसानीचे आहे. आधी निकालाची तारीख शोधावी, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावरून ठरतो.

त्याआधी एक खात्री करून घ्यावी. नगरपालिकेने, म्हणजे कौन्सिलने दिलेली 'पेनल्टी चार्ज नोटीस' आणि खासगी कंपनीने दिलेली 'पार्किंग चार्ज नोटीस' या दोहोंना लोक 'पीसीएन'च म्हणतात, पण त्यांचे मार्ग वेगळे आहेत. कौन्सिलची वसुली नॉर्थॅम्प्टनच्या ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरमार्फत होते, तिचे फॉर्म निराळे आहेत आणि पुढे सांगितलेली पद्धत तिला लागू पडत नाही. खासगी नोटीस हा सरकारी दंड नसून करारभंगाबद्दलची मागणी असते. एवढ्यावरून ती केराच्या टोपलीत टाकावी असा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो घातक आहे. पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ८५ पौंडांची अशी मागणी वैध ठरवली, आणि तेव्हापासून या कंपन्या कोर्टात निर्धास्तपणे जातात. स्कॉटलंडची कोर्टव्यवस्था वेगळी असल्यामुळे तेथील वाचकांनी हे मार्गदर्शन आपले समजू नये.

निकालांची सार्वजनिक नोंदवही रजिस्ट्री ट्रस्ट ही संस्था ठेवते आणि तिच्या ट्रस्टऑनलाइन या सेवेवर थोडे शुल्क भरून नाव-पत्त्यावरून शोध घेता येतो. तेथे निकालाची तारीख, रक्कम, कोर्ट आणि दाव्याचा क्रमांक मिळतो, पण वादी कोण हे मिळेलच असे नाही. म्हणून दाव्याचा क्रमांक घेऊन कोर्टाशी संपर्क साधावा आणि वादीचे नाव, दाव्याचे कागद कोणत्या पत्त्यावर पाठवले गेले तो पत्ता, आणि दाव्याची प्रत मागावी. हे सारे ईमेलने मागितलेले बरे, कारण आपण किती तत्परतेने हालचाल केली याचा तोच पुरावा ठरतो.

निकालाला अजून एक कॅलेंडर महिना झाला नसेल आणि रक्कम खरोखरच देणे असेल, तर पूर्ण रक्कम त्या महिन्याच्या आत वादीला पोहोचती करावी. मग नोंद वहीतून काढून टाकली जाते. पैसे कोर्टाला नव्हे, वादीला द्यायचे असतात, आणि पावती जपून ठेवायची असते. महिना उलटल्यावर भरलेल्या पैशाने नोंद पुसली जात नाही. तिच्यावर 'रक्कम फेडली' असा शेरा पडतो, पण ती निकालापासून ६ वर्षे राहतेच. चाळिसाव्या दिवशी घाईने पैसे भरून 'आता पत सुधारेल' असे मानणाऱ्यांची निराशा येथेच होते.

महिना उलटला असेल, किंवा मागणीच मान्य नसेल, तर निकाल रद्द करून घेण्याचा अर्ज हा मार्ग उरतो. पार्किंगचे बहुतेक निकाल एकतर्फी असतात: दाव्याची बजावणी झाल्यापासून १४ दिवसांत प्रतिवादीने उत्तर दिले नाही, की वादीच्या मागणीवरून गुणदोष न तपासता निकाल दिला जातो. दिवाणी प्रक्रिया नियमांच्या तेराव्या भागात तो रद्द करण्याची दोन कारणे आहेत. नियम १३.२ प्रमाणे, निकाल मुळातच चुकीने, उदाहरणार्थ उत्तराची मुदत संपण्याआधी, दिला गेला असेल तर कोर्टाला तो रद्द करावाच लागतो. नियम १३.३ प्रमाणे, प्रतिवादीला यशाची खरी शक्यता असलेला बचाव आहे किंवा दुसरे सबळ कारण आहे असे वाटल्यास कोर्ट तो रद्द करू शकते, आणि तेव्हा अर्ज तातडीने केला की नाही हे पाहते.

माझ्या मते सर्वांत जास्त अर्ज फसतात ते पुढील दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे. कागद मिळाले नाहीत हा एक मुद्दा आणि पैसे देणे लागत नाही हा दुसरा. अर्जात दोन्ही स्वतंत्रपणे मांडावे लागतात. बजावणी शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर करता येते, पण तेथे प्रतिवादी राहत नाही असे मानण्यास कारण असेल तर वादीने सध्याचा पत्ता शोधण्याचे वाजवी प्रयत्न करायला हवेत, असे नियम ६.९ सांगतो. म्हणून कंपनीच्या पत्रांना महिनोनमहिने उत्तर नसताना तिने पत्ता तपासला होता का, हा प्रश्न जरूर उपस्थित करावा. मात्र घर बदलूनही गाडीच्या नोंदणीवरचा पत्ता आपणच बदलला नसेल तर ते लपवू नये. न्यायाधीश ते विचारतातच.

बचावाचा आशय नोटिशीवर अवलंबून असतो. गाडी कोण चालवत होते हे कंपनीला माहीत नसेल, तर नोंदणीकृत धारकाकडून, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्याकडून, वसुली करण्यासाठी तिला २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतील अटी पाळाव्या लागतात. काचेवर नोटीस न लावता कॅमेऱ्यावरून मागणी केली असेल तर धारकाला नोटीस १४ दिवसांत पोहोचायला हवी. धारकाकडून नोटिशीतल्या रकमेपेक्षा अधिक मागता येत नाही, त्यामुळे वसुली एजन्सीच्या नावाने वर चढवलेल्या पौंडांवर हरकत घेता येते. फलक वाचता येण्याजोगे नसणे, तिकिटाचे पैसे प्रत्यक्षात भरलेले असणे, किंवा गाडी तेव्हा विकलेली असणे हेही बचाव होतात, पण त्यांचा पुरावा हवा.

अर्ज एन२४४ या फॉर्मवर करायचा. सोबत सत्यकथनाच्या विधानासह साक्षीपत्र, हव्या असलेल्या आदेशाचा मसुदा, आणि भाडेकरार व कौन्सिल टॅक्सची बिले यांसारखे राहण्याचे पुरावे जोडावेत. शुल्क ३०० पौंडांच्या आसपास, म्हणजे मूळ मागणीहूनही जास्त असते, हे मनाला लागते. उत्पन्न कमी असल्यास 'हेल्प विथ फीज' योजनेतून सवलत मिळू शकते. वादीची संमती मिळाल्यास शुल्क बरेच कमी होते, मात्र संमती असली तरी अंतिम निर्णय कोर्टाचाच असतो. केवळ अर्ज केल्याने वसुली थांबत नाही, म्हणून तिला स्थगिती द्यावी अशी मागणी त्याच अर्जात करावी. तोवर बेलीफ आलाच, तर दार उघडण्याचे बंधन नाही. अशा कर्जासाठी पहिल्या भेटीत त्याला घरात बळाने शिरता येत नाही.

निकाल रद्द झाला म्हणजे दावा संपला असे नव्हे. बहुधा तो पुन्हा सुरू होतो आणि ठरवून दिलेल्या तारखेपर्यंत लेखी बचाव द्यावा लागतो. ती तारीख चुकली तर सारी मेहनत वाया जाते.

बचाव नसेल आणि महिनाही गेला असेल, तर रक्कम फेडून एन४४३ फॉर्मवर फेडीचे प्रमाणपत्र घ्यावे. एकदम देणे जमत नसेल तर एन२४५ फॉर्मवर हप्ते मागता येतात. ब्रिटिश नागरिकत्वाच्या अर्जात दिवाणी निकालांविषयी प्रश्न असतो आणि तेथे खरे उत्तर द्यावे, हे आपल्या लोकांना मी मुद्दाम सांगतो.

आणि त्याच आठवड्यात डीव्हीएलए या वाहने व परवान्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे गाडीच्या लॉगबुकवरचा (नोंदणीपत्रावरचा) आणि परवान्यावरचा, असे दोन्ही पत्ते बदलून घ्यावेत. एक बदलल्याने दुसरा बदलत नाही. जुन्या घरी आता राहणाऱ्यांकडे किंवा घरमालकाकडे आपल्या नावाची आणखी पत्रे आहेत का तेही विचारावे, कारण एकाच जागेवरच्या दुसऱ्या नोटिशीचा दावा कदाचित अजून १४ दिवसांच्या मुदतीत असेल.